स्विच, संगणक जालातील : व्यवस्थापन व निरीक्षण

एकाच इमारतीतील अथवा परिसरातील संगणक, मुद्रक, कॅमेरे, दूरध्वनी इ. उपकरणे परस्परांना जोडणाऱ्या आणि त्यांपैकी एकाकडून आलेली माहिती नेमक्या दुसऱ्याकडे पोहोचविणाऱ्या प्रयुक्तीस संगणक जालातील स्विच म्हणतात. विद्युत् मंडल चालू-बंद करणाऱ्या स्विचाशी तिचे केवळ नामसाम्य आहे. स्विचाला त्याचे काम नेमून देणे, त्यात बदल करणे व त्या बदलांची नोंद ठेवणे यांस व्यवस्थापन आणि तो काम कसे करीत आहे हे सतत तपासणे यास निरीक्षण अशी संज्ञा आहे. या दोन्ही गोष्टी स्विचामध्ये कायम साठविलेल्या आज्ञावलीवर, म्हणजे फर्मवेअरवर, अवलंबून असतात. मोठ्या संस्थांसाठी बनविलेल्या महाग स्विचांचे फर्मवेअर संपन्न असते; उलट शाळा, दवाखाने, लहान कार्यालये व दुकाने यांमध्ये स्वस्त स्विच बसविण्याकडे कल असतो आणि त्यांच्या फर्मवेअरमध्ये मोजक्याच सुविधा असतात. सुविधा कमी असल्याने जालातील दोष कमी होत नाहीत, ते फक्त दृष्टीआड होतात. त्यामुळे असा स्विच स्वतः काय सांगू शकतो, काय सांगू शकत नाही आणि त्याने न सांगितलेले बाहेरून कसे ताडता येते, हे जाणणे हा त्याच्या व्यवस्थापनाचा मुख्य भाग ठरतो.

इतिहास : अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो अल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आर. एम. मेटकाफ व डी. आर. बॉग्ज यांनी ईथरनेट या पद्धतीचा विकास सुरू केला. तीत सर्व संगणक एकाच सामाईक केबलीला जोडलेले असत व एका वेळी एकच संगणक संदेश पाठवू शके. १९८३ मध्ये या पद्धतीला ८०२.३ या क्रमांकाचे मानक मिळाले. अशा दोन केबली जोडण्यासाठी ‘सेतू’ ही प्रयुक्ती वापरात आली. परंतु सेतूंच्या जोडणीत चुकून बंद वलय निर्माण झाले, तर संदेश त्यात अखंड फिरत राहत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर उपाय शोधला. सेतूंनी परस्परांशी संदेशांची देवघेव करून काही मार्ग आपण होऊन बंद ठेवावयाचे व उरलेल्या मार्गांचा वलयरहित वृक्ष बनवावयाचा, अशी ही पद्धती असून ‘स्पॅनिंग ट्री’ या नावाने ती १९९० मध्ये ८०२.१ डी या मानकात समाविष्ट झाली.

अनेक पोर्टांचा सेतू म्हणजेच आजचा स्विच होय. ईथरनेटचा पहिला व्यापारी स्विच १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ या कंपनीने बाजारात आणला. त्याला सात पोर्ट होते. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज हे या कंपनीचे एक संस्थापक असून कंपनीला त्यांच्या पत्नीचे नाव देण्यात आले होते. १९९४ मध्ये सिस्को या कंपनीने ती विकत घेतली.

दूर अंतरावरील उपकरणांची स्थिती विचारण्यासाठी ‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’ (यापुढे एसएनएमपी) ही संदेशवहनाची नियमावली १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली व १९९० मध्ये ती सुधारित रूपात आली. हिच्या पहिल्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघडपणे पाठविला जाई. संदेशाचे गुप्तीकरण व विचारणाऱ्याची ओळख पटविणे या सोयी असलेल्या तिसऱ्या आवृत्तीला २००२ च्या अखेरीस अंतिम स्वरूप मिळाले. ‘फर्मवेअर’ हा शब्द यापेक्षा जुना असून आशर ऑपलर यांनी १९६७ मध्ये तो प्रथम वापरला. यंत्रसामग्री आणि बदलण्याजोग्या आज्ञावल्या यांच्या मधला थर, असा त्याचा मूळ आशय होता.

रचना व कार्य : स्विचामध्ये परस्परांपासून बरेच स्वतंत्र असे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे माहिती पुढे पाठविणारे संकलित मंडल. ईथरनेटवरून माहिती ‘फ्रेम’ नावाच्या तुकड्यांनी जाते. नेहमीची फ्रेम ६४ ते १,५१८ बाइट लांबीची असून तिच्या आरंभी ज्याला पाठवावयाची त्याचा व पाठविणाऱ्याचा असे प्रत्येकी ४८ बिटांचे दोन पत्ते आणि शेवटी त्रुटी ओळखण्यासाठी ३२ बिटांची पडताळणी-संख्या असते. कोणता पत्ता कोणत्या पोर्टाकडून आला याचा तक्ता संकलित मंडल आपोआप तयार करते व त्यानुसार पुढच्या फ्रेमी योग्य पोर्टाकडे वळविते. पत्ता तक्त्यात नसेल, तर फ्रेम इतर सर्व पोर्टांवर पाठविली जाते. जे उपकरण साधारणतः ३०० सेकंद काहीच पाठवीत नाही त्याचा पत्ता तक्त्यातून गळतो. म्हणून एखादा पत्ता तक्त्यात दिसला नाही, तर ते उपकरण जालातून निघून गेले असा अर्थ लगेच काढता येत नाही.

दुसरा भाग म्हणजे एक लहान प्रक्रियक. फर्मवेअर त्यावर चालते. प्रशासकाच्या आज्ञा स्वीकारणे, संकलित मंडलातील गणित्रे वाचून दाखविणे, स्पॅनिंग ट्रीचे संदेश हाताळणे ही त्याची कामे होत. स्वस्त स्विचातील प्रक्रियक मंद व त्याची स्मृती अपुरी असते. या द्विभागी रचनेमुळे निरीक्षणात एक नेहमीची फसगत होते. स्विचाने स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा दिले, तरी त्यामधून जाणारी माहिती पूर्ण वेगाने जात असू शकते. कारण उत्तर देण्याचे काम प्रक्रियकाचे आणि वाहतुकीचे काम संकलित मंडलाचे असते. याउलट, स्विच तत्परतेने उत्तर देत असतानाही त्याच्या एखाद्या पोर्टावर फ्रेमी गळत असू शकतात. म्हणून स्विचाचे आरोग्य आणि त्यामधून होणाऱ्या वाहतुकीचे आरोग्य ही दोन स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

वर्गीकरण : व्यवस्थापनाच्या दृष्टीने स्विचांचे तीन वर्ग पडतात. (१) अव्यवस्थापित स्विच : यांना स्वतःचा जालपत्ता नसतो व कोणतीही आज्ञा देता येत नाही. पोर्टावरील दिवे हेच त्यांचे एकमेव निवेदन. (२) मर्यादित व्यवस्थापनाचे स्विच : यांना बाजारात ‘स्मार्ट’ किंवा ‘वेबव्यवस्थापित’ म्हणतात. संगणकावरील न्याहाळकातून उघडणारी काही पाने, क्वचित निर्मात्याचा स्वतंत्र कार्यक्रम, एवढेच त्यांच्याशी बोलण्याचे साधन असते. पोर्ट चालू-बंद करणे, जालाचे आभासी विभाग (व्हीलॅन) पाडणे व फ्रेमींची मोजदाद एवढ्या गोष्टी बहुधा साधतात. (३) पूर्ण व्यवस्थापित स्विच : यांत आज्ञापंक्ती, एसएनएमपीच्या सर्व आवृत्त्या, घटनांची नोंद बाहेरच्या संगणकाकडे पाठविण्याची सोय, स्पॅनिंग ट्री इ. सुविधा असतात.

दुसऱ्या वर्गातील मर्यादांची कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे प्रक्रियक व स्मृती यांवर वाचविलेला खर्च; दुसरे म्हणजे बाजारपेठेची विभागणी. काही वेळा संकलित मंडलात क्षमता असूनही निर्माता ती फर्मवेअरमधून उघड करीत नाही. या वर्गात आढळणाऱ्या उणिवा सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात : एसएनएमपी मुळीच नसणे किंवा तिची जुनी, असुरक्षित आवृत्तीच असणे, गणित्रे ३२ बिटांची असणे किंवा ती बाइट न मोजता केवळ फ्रेमी मोजणे, घटनांची नोंद नसणे किंवा वीज जाताच ती पुसली जाणे, घड्याळाला विद्युत् घटाचा आधार नसल्याने घटनेची वेळ चुकीची नोंदली जाणे, स्पॅनिंग ट्रीचा अभाव, आणि परवलीचा शब्द उघडपणे पाठविला जाणे.

गणित्रांचे वाचन : निरीक्षणाचा पाया म्हणजे प्रत्येक पोर्टावरील गणित्रे. किती बाइट आले, किती गेले, किती फ्रेमींची पडताळणी चुकली व किती फ्रेमी जागेअभावी टाकून दिल्या, हे ती सांगतात. गणित्र नेहमी चढत्या क्रमाने मोजते. त्यामुळे त्याच्या एकाच वाचनाला फारसा अर्थ नसतो. ठराविक काळाने घेतलेल्या दोन वाचनांतील फरकाला मधल्या काळाने भागले असता सरासरी वेग मिळतो. टोबायस ओटिकर यांनी १९९४ मध्ये आरंभिलेल्या एमआरटीजी या कार्यक्रमाने दर पाच मिनिटांनी असे वाचन घेऊन त्याचा आलेख काढण्याची पद्धत रूढ केली व ती अद्यापही प्रचलित आहे.

तथापि, ३२ बिटांचे गणित्र ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते. पूर्ण भार असताना याला सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर सु. ५७ मिनिटे, १०० मेगाबिट वेगावर सु. ५ मिनिटे ४४ सेकंद आणि १ गिगाबिट वेगावर केवळ ३४ सेकंद लागतात. समजा, दहा वाजता गणित्रावर ४,२०,००,००,००० ही संख्या होती व दहा वाजून पाच मिनिटांनी ३०,००,००,००० ही संख्या आहे. गणित्र एकदा शून्यावर आले असे धरल्यास मधल्या काळात ३९,४९,६७,२९६ बाइट गेले, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सु. १०.५ मेगाबिट पडतो. जोडणी १०० मेगाबिटांची असेल, तर हे उत्तर निःसंशय बरोबर आहे. कारण पाच मिनिटांत गणित्र दोनदा शून्यावर येणे अशक्य असते. जोडणी १ गिगाबिटाची असेल, तर मात्र गणित्र याशिवाय आणखी आठ वेळांपर्यंत पूर्ण फिरलेले असू शकते. अशा वेळी त्याच दोन संख्यांची नऊ उत्तरे संभवतात व त्यांतील सर्वांत मोठे सेकंदाला सु. ९२७ मेगाबिट इतके असते. म्हणजे जवळजवळ रिकामी जोडणी आणि जवळजवळ भरलेली जोडणी यांत भेद करता येत नाही आणि आलेखावर मात्र नीटनेटकी, विश्वसनीय दिसणारी रेषा उमटते.

याच कारणासाठी सेकंदाला २० मेगाबिटांहून अधिक वेगाच्या पोर्टांना बाइट मोजण्यासाठी ६४ बिटांची गणित्रे असावीत, असे इंटरनेटच्या मानकात सांगितले आहे. ती नसतील, तर १ गिगाबिटाच्या पोर्टांचे वाचन दर ३० सेकंदांनी किंवा त्याहून लवकर घेणे हाच उपाय उरतो. वाचनाबरोबर स्विच चालू होऊन किती काळ झाला तेही नोंदवावे लागते. कारण वीज जाऊन आल्यावर गणित्र शून्यावर येते व ते आपोआप फिरून शून्यावर आल्यासारखेच दिसते. एसएनएमपीमध्ये हा काळ सेकंदाच्या शतांश भागांत व ३२ बिटांतच मोजला जात असल्याने तो स्वतः सु. ४९७ दिवसांनी शून्यावर येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

केवळ फ्रेमी मोजणारे गणित्र याहून दुबळे असते. एक हजार फ्रेमी म्हणजे ६४ हजार बाइट असू शकतात किंवा सु. १५ लाखही असू शकतात. त्यामुळे अशा गणित्रावरून भार सांगता येत नाही, फक्त वाहतूक वाढली की घटली एवढेच कळते. सरासरीचीही एक मर्यादा आहे. पाच मिनिटांपैकी तीन सेकंद जोडणी पूर्ण भरली व उरलेला वेळ रिकामी राहिली, तर सरासरी भार एक टक्का दिसतो. मात्र त्या तीन सेकंदांत लहान स्विचातील तात्पुरती साठवण ओसंडून फ्रेमी गळलेल्या असतात. म्हणून टाकून दिलेल्या फ्रेमींचे गणित्र उपलब्ध असेल, तर ते सरासरी वेगापेक्षा अधिक बोलके ठरते.

एसएनएमपी नसलेल्या स्विचाच्या वेबपानावरील आकडे एखाद्या कार्यक्रमाद्वारे ठराविक काळाने उतरवून घेता येतात. ही पद्धत उपयुक्त पण नाजूक आहे. फर्मवेअर बदलताच पानाची मांडणी बदलून कार्यक्रम निकामी होतो. काही स्विच एका वेळी एकाच व्यक्तीला प्रवेश देत असल्याने वाचन करणारा कार्यक्रमच प्रशासकाची वाट अडवितो. आणि वारंवार विचारणा केल्यास मंद प्रक्रियक गुंतून पडतो. वाचन मिळाले नाही, तर ‘शून्य’ न लिहिता ‘वाचन नाही’ अशी नोंद होणे आवश्यक असते. अन्यथा स्विच गप्प आहे आणि वाहतूक थांबली आहे या दोन अवस्था एकच दिसतात.

बाहेरून निरीक्षण : जो स्विच काहीच सांगत नाही, त्याच्याविषयी त्याच्या शेजाऱ्यांकडून माहिती मिळविता येते. लहान स्विच ज्या पूर्ण व्यवस्थापित स्विचाला जोडलेला असतो त्याच्या पोर्टावरील गणित्रे म्हणजे लहान स्विचाच्या वरच्या जोडणीचे प्रतिबिंब होय; एकाने पाठविले तेच दुसऱ्याने स्वीकारलेले असते. यात एक अपवाद आहे. फ्रेमीची पडताळणी ती स्वीकारणारे टोकच करते. त्यामुळे लहान स्विचाकडून येताना बिघडलेल्या फ्रेमी शेजाऱ्याला दिसतात, पण शेजाऱ्याकडून जाताना बिघडलेल्या फ्रेमी केवळ लहान स्विचालाच दिसतात आणि तो त्या मुकाट्याने टाकून देतो. एका टोकाचे निर्दोष गणित्र हा संपूर्ण जोडणी निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. उरलेला अर्धा भाग कळण्यासाठी स्विचाला जोडलेल्या संगणकांच्या जालपत्रकांवरील गणित्रे वाचून, एका बाजूने पाठविलेले किती संदेश दुसऱ्या बाजूला पोहोचले याची तुलना करावी लागते.

दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक उपकरणाला ठराविक काळाने प्रतिध्वनी-संदेश पाठवून उत्तर येते की नाही हे पाहणे. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला ‘पिंग’ हा कार्यक्रम याच कामाचा आहे. एकट्या उत्तरापेक्षा उत्तरांचा समूह अधिक अर्थपूर्ण असतो. एका स्विचामागील सर्व उपकरणे एकाच क्षणी गप्प झाली, तर दोष स्विच, त्याची वीज किंवा वरची जोडणी यांत असतो; एकच उपकरण गप्प झाले, तर ते स्वतः किंवा त्याची केबल संशयास्पद ठरते; दोन स्विचांमागील उपकरणे एकदम गप्प झाली, तर त्यांचा सामाईक मार्ग पाहावा लागतो. हे अनुमान काढता येण्यासाठी कोणते उपकरण कोणत्या स्विचाच्या कोणत्या पोर्टाला जोडले आहे हे आधीच लिहून ठेवलेले असले पाहिजे.

ही नोंद काही अंशी आपोआप करण्यासाठी २००५ मध्ये ८०२.१ एबी हे मानक आले. त्यानुसार प्रत्येक उपकरण साधारणतः दर ३० सेकंदांनी आपले नाव व पोर्ट शेजाऱ्यास कळविते. हा संदेश एका जोडणीपलीकडे जाऊ नये असा नियम आहे. पण काही अव्यवस्थापित स्विच तो तसाच पुढे पाठवितात. परिणामी मध्ये स्विच असूनही दोन दूरची उपकरणे परस्परांची शेजारी असल्याचे भासते व नकाशातून मधला स्विच नाहीसा होतो. त्यामुळे आपोआप बनलेल्या नकाशाची प्रत्यक्ष केबलीशी पडताळणी करणे इष्ट असते.

काही मर्यादित स्विचांत एका पोर्टावरील वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टावर पाठविण्याची सोय असते. त्या पोर्टाला संगणक जोडून फ्रेमींचे पृथक्करण करता येते. मात्र १ गिगाबिटाच्या जोडणीवर दोन्ही दिशांची मिळून २ गिगाबिट वाहतूक होऊ शकते व प्रत घेणारे पोर्ट त्यातील १ गिगाबिटच वाहू शकते. शिवाय पडताळणीत चुकलेल्या फ्रेमी स्विच आधीच टाकून देत असल्याने प्रतीत येत नाहीत. ज्या दोषाचा शोध चालू आहे तोच प्रतीत न दिसणे, असा प्रसंग त्यामुळे ओढवू शकतो.

नेहमीचे दोष व त्यांची लक्षणे : दोन टोकांच्या कार्यपद्धतीतील विसंगती हा जुन्या व मिश्र जालांतील एक चिवट दोष होय. १९९५ पासून दोन्ही टोके वेग व कार्यपद्धती आपसांत ठरवू शकतात. एका टोकावर १०० मेगाबिट व पूर्ण द्विदिश पद्धत हाताने कायम केली आणि दुसरे टोक स्वयंनिर्णयावर ठेवले, तर दुसऱ्या टोकास वेग ओळखता येतो, पण कार्यपद्धती कळत नाही. मग ते नियमानुसार अर्ध द्विदिश पद्धत स्वीकारते. जोडणीचा दिवा लागतो, प्रतिध्वनी-संदेशांना उत्तरे येतात, परंतु मोठी फाइल पाठविताच वेग कोसळतो. अर्ध द्विदिश टोकावर उशिरा झालेल्या टकरींचे आणि पूर्ण द्विदिश टोकावर चुकलेल्या पडताळणीचे गणित्र वाढू लागते. अव्यवस्थापित स्विच नेहमी स्वयंनिर्णयावरच असल्याने त्याला जोडलेल्या उपकरणावर हाताने कार्यपद्धती कायम करू नये, हा नियम यातूनच आला आहे. दुसरा सामान्य दोष केबलीतील तारांचा असतो. गिगाबिट वेगाला तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जोडी तुटल्यास जोडणी बंद पडते किंवा १०० मेगाबिटांवर उतरते. म्हणून प्रत्येक पोर्टाचा अपेक्षित वेग लिहून ठेवून तो प्रत्यक्ष वेगाशी ताडून पाहिल्यास हा दोष तक्रार येण्यापूर्वीच सापडतो.

सर्वांत घातक दोष म्हणजे वलय. एखाद्याने सुट्या दिसणाऱ्या केबलीचे दुसरे टोक त्याच स्विचात खोचले, तरी ते निर्माण होते. ईथरनेटच्या फ्रेमीला आयुर्मर्यादा नसते. सर्वांसाठी असलेली एक फ्रेम वलयात शिरली की, ती फिरत राहते व तिच्या प्रती सर्व पोर्टांवर उधळल्या जातात. १ गिगाबिटाच्या जोडणीवर सेकंदाला ६४ बाइटांच्या १४,८८,०९५ फ्रेमी जाऊ शकतात व प्रत्येक संगणकाला त्या वाचून टाकून द्याव्या लागतात. सर्व पोर्टांवरील दिवे एकसारखे अखंड लुकलुकणे हे याचे दृश्य लक्षण होय. अशा वेळी स्विचाचे वेबपान बहुधा उघडत नाही; अर्ध्या केबली काढून वादळ शमते का ते पाहणे व पुन्हा उरलेल्यांतील अर्ध्या तपासणे, हाच जलद मार्ग ठरतो.

वलयापासून संरक्षण वरच्या पूर्ण व्यवस्थापित स्विचावर ठेवता येते. त्याने पाठविलेला स्पॅनिंग ट्रीचा संदेश लहान स्विचामागील वलयातून त्याच पोर्टाकडे परत आला, तर ते पोर्ट बंद करता येते. मात्र लहान स्विच हा संदेश पुढे पाठवितो की गिळून टाकतो, हे निर्मात्यागणिक बदलते. त्यामुळे स्विच बसविण्यापूर्वी मोकळ्या वेळी मुद्दाम वलय करून पाहणे आवश्यक असते. त्याच्या जोडीला सर्वांसाठी असलेल्या फ्रेमींच्या प्रमाणावर वरच्या पोर्टात मर्यादा घातल्यास वादळ एका शाखेपुरते रोखले जाते.

स्पॅनिंग ट्रीची सोय असणे हीदेखील पूर्ण हमी नव्हे. या पद्धतीच्या मूळ मानकातील कालमर्यादा दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त सात सेतू गृहीत धरून ठरविल्या आहेत. अमेरिकेतील बॉस्टन येथील बेथ इझ्राएल डीकनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयाचे जाल टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन या मर्यादेपलीकडे गेले होते. नोव्हेंबर २००२ मध्ये ते वारंवार कोलमडले आणि सु. चार दिवस डॉक्टर व परिचारिका यांना औषधांच्या सूचना व तपासण्यांचे अहवाल कागदावर हाताळावे लागले. एकेक स्विच आपापल्या जागी काम करीत असला, तरी संपूर्ण जालाची रचना कोणीतरी एकत्र पाहत नसेल तर काय घडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

व्यवस्थापन : मर्यादित स्विचात बदल करताना काही दंडक पाळले जातात. बदलापूर्वी चालू मांडणीची प्रत काढून ठेवावी. प्रत काढण्याची सोय नसल्यास प्रत्येक पानाचे चित्र घ्यावे व बदल दिनांकासह वहीत लिहावा. ज्या पोर्टामधून प्रशासक स्विचाशी बोलत असतो त्याच्या व्हीलॅनमध्ये सर्वांत शेवटी बदल करावा. अन्यथा आज्ञा देताच संपर्क तुटतो. पुष्कळ स्विचांत चालू मांडणी व साठविलेली मांडणी वेगळ्या असतात. बदल साठविला नाही, तर पुढच्या वेळी वीज जाताच तो नाहीसा होतो आणि अनेक महिन्यांपूर्वीची चूक त्या दिवशी उघडकीस येते. यासाठी बदलानंतर सोयीच्या वेळी स्विच एकदा बंद करून पुन्हा चालू करणे हितावह ठरते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्मात्याने घातलेला परवलीचा शब्द प्रथम बदलावा. वेबपान गुप्तीकरणाविना चालत असल्यास हा शब्द जालावरील तिसऱ्या संगणकास वाचता येतो. म्हणून व्यवस्थापनासाठी स्वतंत्र व्हीलॅन ठेवून तेथे पोहोचण्याची मुभा एक-दोन संगणकांनाच द्यावी. काही स्वस्त स्विच कोणत्याही व्हीलॅनमधून आलेल्या विचारणेस उत्तर देतात. हे वापरापूर्वी तपासून घ्यावे लागते. तोच परवलीचा शब्द इतर महत्त्वाच्या ठिकाणी वापरू नये. फर्मवेअरची नवी आवृत्ती घालताना वीज गेल्यास स्विच कायमचा निकामी होऊ शकतो; त्यामुळे अखंड वीजपुरवठा, जुन्या आवृत्तीची प्रत व राखीव स्विच यांची तजवीज आधी करावी लागते.

पर्यायी फर्मवेअर : निर्मात्याच्या फर्मवेअरऐवजी मुक्त स्वरूपाचे फर्मवेअर घालण्याचा मार्ग काही प्रतिमानांपुरता खुला झाला आहे. ओपनडब्ल्यूआरटी या २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाच्या २०२१ मधील आवृत्तीत रिअलटेक कंपनीची संकलित मंडले असलेल्या काही स्विचांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे मुळात केवळ वेबपान असलेल्या स्विचास आज्ञापंक्ती, एसएनएमपी व घटनांची नोंद या सुविधा मिळू शकतात. तथापि हमी रद्द होणे, केबलीतून वीज पुरविण्यासारख्या काही सोयी अपुऱ्या चालणे आणि चूक झाल्यास पेटी उघडून दुरुस्ती करावी लागणे, या अडचणी असतात. ज्यावर संस्थेचे रोजचे काम चालते अशा एकमेव स्विचावर हा प्रयोग करणे उचित नव्हे.

निवड व मांडणी : सर्वच ठिकाणी पूर्ण व्यवस्थापित स्विच बसविणे लहान संस्थांना परवडत नाही व त्याची गरजही नसते. जालाच्या शाखा ज्या ठिकाणी एकत्र येतात तेथे पूर्ण व्यवस्थापित स्विच आणि टोकांना साधे स्विच, अशी मांडणी बहुधा पुरेशी होते. मग प्रत्येक साध्या स्विचाच्या वरच्या टोकाला त्याची साक्ष देणारा एक शेजारी असतो. एका साध्या स्विचामागे दुसरा व त्यामागे तिसरा अशी साखळी मात्र टाळावी. कारण मधल्या दुव्यांची साक्ष कोणीच देऊ शकत नाही. मर्यादित स्विच निवडताना ६४ बिटांची गणित्रे, एसएनएमपीची तिसरी आवृत्ती, शेजाऱ्याची ओळख सांगणारे ८०२.१ एबी मानक, स्पॅनिंग ट्री आणि घटनांची नोंद बाहेर पाठविण्याची सोय, या पाच गोष्टींची चौकशी पोर्टांच्या संख्येइतकीच महत्त्वाची असते. त्यांपैकी जी नसेल तिच्यापुरते काम नकाशा, नोंदवही आणि नियमित पाहणी यांच्या आधारे माणसालाच करावे लागते.